झुरक्यागणिक निकोटिन किती?

प्रश्न : माझ्याकडे दोन ई-सिगारेटी आहेत. दोन्हींत एकाच बाटलीतलं ६ मिलिग्रॅमचं द्रव भरतो. एकीचे चार झुरके घेतले की गरगरतं, दुसरीने तलफही भागत नाही. असं का?

उत्तर : बाटलीवरचा आकडा एका मिलिलिटरमधलं निकोटिन सांगतो. झुरक्यात त्यातलं किती येणार, हे त्या वेळी किती द्रवाची वाफ झाली यावर ठरतं आणि तिथे कॉइलची (द्रव तापवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याची) वॅट महत्त्वाची. दोन्ही कॉइलींवर छापलेला ओहमचा आकडा वाचा. ३.७ व्होल्टवर १.८ ओहमची कॉइल सुमारे ७.६ वॅट घेते (व्होल्टचा वर्ग भागिले ओहम), ०.५ ओहमची २७ वॅटच्या पुढे जाते. गरगरवणारी बहुधा हीच.

झुरका किती लांब, हेही तितकंच मोठं कारण. सुरुवातीचा वेळ कॉइल आणि तिच्यापर्यंत द्रव पोचवणारी ओली वात तापण्यातच जातो, म्हणून ४ सेकंदांचा झुरका २ सेकंदांच्या दुपटीहून जास्त निकोटिन देऊ शकतो. जोरात ओढल्याने मात्र फारसा फरक पडत नाही.

द्रवात ग्लिसरीन जास्त असेल तर ढग मोठा दिसतो, पण ढगावरून निकोटिनचा अंदाज बांधू नका. ग्लिसरीन २९० अंश सेल्सिअसला उकळतं, द्रवातला दुसरा मुख्य घटक प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ ला. त्यामुळे कमी वॅटवर ग्लायकॉलवालं द्रव जास्त सहज उडतं. शिवाय दाट ग्लिसरीन वातीत हळू झिरपतं. झुरके लागोपाठ घेतले की वात कोरडी पडते आणि घशाला करपट चव लागते. तिथेच थांबा. कोरड्या वातीवर तापमान एकदम चढतं आणि फॉर्मल्डिहाइड, ॲक्रोलीन ही घातक रसायनं तयार होतात. वॅट उतरवा, दोन झुरक्यांत अंतर ठेवा. नवी कॉइल बसवली की टाकी भरून दहा मिनिटं तशीच राहू द्या.

‘सॉल्ट’ लिहिलेली बाटली यात मिसळू नका. त्यात बेंझोइकसारखं आम्ल घातलेलं असतं, त्यामुळे घसा खवखवत नाही. साधं निकोटिन तीव्र असलं की घसा जळतो आणि माणूस आपोआप आवरतं घेतो. सॉल्टमध्ये हा लगामच सुटतो. ते द्रव २७ वॅटच्या कॉइलवर कधीही ओढू नका. मळमळ, घाम, छातीत धडधड सुरू झाली तर लगेच थांबा. उलट्या झाल्या किंवा त्रास वाढला तर डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : १८ वरून ६ मिलिग्रॅमवर आले. निकोटिन तिपटीने कमी झालं ना?

उत्तर : आधी रोज किती मिलिलिटर लागायचं? २ मिलिलिटर गुणिले १८ म्हणजे ३६ मिलिग्रॅम. आता ६ मिलिलिटर संपत असेल, तर तेही ३६ च. शरीर सवयीचं प्रमाण मागतं आणि झुरके नकळत लांबतात. १८ वरून आधी १२ वर या, कॉइल आणि वॅट तीच ठेवा, रोजचे मिलिलिटर लिहा. मिलिलिटर वाढले नाहीत, तरच पुढची पायरी उतरा.