टपाल आणि तबकड्या : खून रेनोत, कैद फॉल्समला

मागच्या अंकात अमेरिकेतल्या जुन्या कंट्री (म्हणजे तिकडचं खेड्यापाड्यातलं गाणं) आणि रॉकाबिली (कंट्रीत रॉक अँड रोल मिसळलेलं) यांतल्या जेलच्या गाण्यांवर लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं बुवा. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, ज्यांची राहिली त्यांनी रागावू नये.

जॉनी कॅशचं 'फॉल्सम प्रिझन ब्लूज' नातवानं ऐकवलं. त्यातला कैदी म्हणतो मी रेनोमध्ये एकाला गोळी घातली. रेनो नेवाडा राज्यात, फॉल्समचं जेल कॅलिफोर्नियात. मग हा तिथं पोचला कसा? आणि हा गायक स्वतः किती वर्षं आत होता?
– निवृत्त वकील, सांगली

वकीलसाहेब, बरोब्बर पकडलंत! नेवाडातल्या खुनाला नेवाडाचंच जेल मिळायला हवं, आणि एवढ्यावर भागत नाही, त्या गाण्यात फॉल्समवरून जाणारी गाडी पार टेक्सासातल्या सॅन अँटोनियोला निघालेली आहे. म्हणजे भूगोलाचा पेपर नापास. पण त्याचं कारण मजेशीर आहे, या गाण्यात गाडी आधी आली आणि जेल नंतर. गॉर्डन जेनकिन्स नावाच्या संगीतकाराची १९५३ ची एक एलपी, म्हणजे मोठी तबकडी आहे, तिच्यात 'क्रेसेंट सिटी ब्लूज' म्हणून गाणं आहे, त्यात छोट्या गावात कंटाळलेली एक बाई लांबून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकते आणि आपण इथंच सडणार म्हणून हळहळते. कॅशनं चाल तीच ठेवली, बऱ्याच ओळी तशाच ठेवल्या, फक्त बाईच्या जागी कैदी बसवला आणि गावाच्या जागी जेल. हे प्रकरण पुढं त्याला महागात पडलं, सत्तरच्या दशकात जेनकिन्सला अंदाजे ७५ हजार डॉलर देऊन मिटवावं लागलं. चोरी ती चोरीच, पण मला विचाराल तर त्या एका बदलानं गाणं कुठल्या कुठं गेलं, कारण गावातली बाई मनात आणलं तर तिकीट काढून गाडीत बसू शकते, याला ती सोय नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. एक दिवसही शिक्षा भोगलेली नाही त्यानं. एअर फोर्सच्या नोकरीत जर्मनीत लान्ड्सबर्गला असताना फॉल्समवरचा १९५१ चा सिनेमा बघितला, तेवढाच काय तो जेलचा अनुभव. पुढं काही रात्री हवालातीत काढल्या हे खरं, १९६५ साली मिसिसिपीत रात्री दुसऱ्याच्या आवारातली फुलं तोडली म्हणून धरला आणि त्याच वर्षी एल पासोला गिटारच्या केसमधून हजारावर नशेच्या (बंदुकीच्या नव्हे) गोळ्या निघाल्या म्हणून, पण खडी फोडायला कुणी पाठवलं नाही.

रेनोच्या ओळीचंही सांगतो. माणूस मारायचं सगळ्यात वाईट कारण काय असेल याचा विचार करत बसलो आणि 'मरताना बघायचं होतं म्हणून' हे सुचलं, असं कॅश सांगायचा. जिमी रॉजर्स या जुन्या कंट्री गायकाच्या १९२७ च्या पहिल्या 'ब्लू योडेल'मध्ये (योडेल म्हणजे गाताना आवाज झटक्यात जाड-बारीक करणं) मात्र एक प्रियकर बाईला उडताना-पडताना बघायला गोळी घालीन म्हणतो, तेव्हा सुचण्याआधी ते कानावर पडलेलं असणार असं आपलं माझं मत. फॉल्सम जेलमध्ये १३ जानेवारी १९६८ ला झालेल्या कार्यक्रमाच्या एलपीवर याच ओळीनंतर कैदी आरडाओरडा करून दाद देतात आणि ऐकताना अंगावर काटा येतो, पण ती दाद नंतर स्टुडिओत चिकटवलेली आहे! प्रत्यक्षात हॉलमध्ये पहारेकरी उभे होते, त्यांच्या डोळ्यांदेखत खुनाला टाळ्या वाजवायला कैदी काय वेडे होते?

कॅशच्या सुरुवातीच्या, सन रेकॉर्ड्स या कंपनीच्या तबकड्यांवरच्या गाण्यांत ड्रमर नाही असं तुम्ही लिहिलंत. मग तो मागचा टकटक आवाज कशाचा? मी गिटार वाजवतो, जमेल का?
– एक कॉलेजकुमार, नाशिक

जमेल की, आणि खर्च शून्य. वहीचा कागद घे, लांबट घडी घाल आणि गिटारच्या तारांमध्ये एकीच्या वरून एकीच्या खालून असा विणून टाक, खाटेची नवार विणतात तसा. मग तारा छेडल्यास की सूर कमी आणि खरखर जास्त येते, लांबून ऐकणाऱ्याला स्नेअर ड्रमवर ब्रश फिरवल्यासारखं वाटतं. 'आय वॉक द लाइन'मध्ये कॅशनं हेच केलंय. तेव्हा कंट्रीवाल्यांना ड्रमचं वावडं होतं आणि याच्याकडं माणसं मोजून दोन, लूथर पर्किन्स इलेक्ट्रिक गिटारवर आणि मार्शल ग्रँट बासवर. पर्किन्स जाड तारा तळहातानं दाबून एकेक सूर टुकटुक वाजवायचा, त्याला यापेक्षा अवघड फारसं येत नव्हतं असं म्हणतात, पण गाडी रुळांचे सांधे ओलांडत चाललीय असा जो भास होतो तो त्यातूनच. जाड कागद घेऊ नकोस, सूर पार मरतो. मी एकदा लग्नाची पत्रिका घातली होती, पत्र्यावर चमचा आपटल्यासारखं वाजलं.

जे खरोखर आत होते त्यांनी गायलेलं काही आहे की सगळी नाटकंच?
– एक वाचक, पुणे

आहे, पण गंमत बघा, जो खरा आत होता तो हे लपवत होता. मर्ल हॅगार्ड. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डचा, १९५७ मध्ये दारूच्या नशेत मित्रांबरोबर एका हॉटेलाचं मागचं दार उचकटायला गेला, यांना वाटलं मध्यरात्र उलटून गेलीय, प्रत्यक्षात हॉटेल चालू होतं आणि मालकानंच दार उघडून पुढनं या की म्हणून सांगितलं, असं तो स्वतःच सांगायचा. तर १९५८ ते १९६० सॅन क्वेंटिनच्या जेलात, आणि तिथं कॅश गायला आला तेव्हा हा कैद्यांमध्ये बसलेला. पुढं 'ब्रँडेड मॅन', 'सिंग मी बॅक होम', 'मामा ट्राइड' अशी गाणी १९६७-६८ मध्ये गाजली, ऐकणाऱ्यांना वाटायचं वा काय कल्पना केलीय, आणि १९६९ मध्ये कॅशनंच समजूत घालून त्याला स्वतःच्या टीव्ही कार्यक्रमात खरं बोलायला लावलं. 'मामा ट्राइड'मध्ये मात्र तोही थाप मारतो, एकविसावं वर्ष जेलमध्ये लागलं हे खरं, पण गाण्यातली पॅरोलविना जन्मठेप खोटी, जेमतेम पावणेतीन वर्षांत सुटला होता. १९७२ मध्ये गव्हर्नर रेगननं माफीही दिली.

'सिंग मी बॅक होम' आधी ऐका. फाशीघराकडं नेत असलेला कैदी वाटेत थांबतो आणि गिटारवाल्या दोस्ताला जाण्याआधी एक गाणं म्हणायला सांगतो, बस्स एवढंच आहे. हॅगार्ड ते रडून गात नाही, म्हणून जास्त लागतं.

आणि ग्लेन शर्ली. फॉल्समचाच कैदी, त्यानं जेलमधल्या प्रार्थनाघरावर 'ग्रेस्टोन चॅपल' हे गाणं लिहिलं, टेप कॅशपर्यंत पोचली कार्यक्रमाच्या आदल्या रात्री, कॅशनं रातोरात बसवलं आणि दुसऱ्या दिवशी शर्ली पहिल्या रांगेत बसलेला असताना त्याच्यासमोर गायलं. १९७१ मध्ये शर्ली सुटला, कॅशनं स्वतःच्या ताफ्यात घेतला, पण बाहेर त्याचं काही जमेना. १९७८ मध्ये त्यानं स्वतःला संपवलं. या माणसाबद्दल मला जास्त लिहवत नाही.

'प्रिझनेअर्स' हे कंट्रीवाले नव्हेत, पण सन रेकॉर्ड्सचेच, नॅशव्हिलच्या जेलातले पाच कृष्णवर्णीय कैदी, १९५३ मध्ये बंदुकधारी पहाऱ्यात मेम्फिसला आणून त्यांचं 'जस्ट वॉकिन इन द रेन' रेकॉर्ड केलं. जेलच्या आवारात पावसात चालताना सुचलेलं गाणं, त्यात जेलचा शब्दही नाही.

एल्व्हिसचं 'जेलहाउस रॉक' यात धरायचं का?
– एक वाचक, ठाणे

धरा, पण ते लग्नाच्या वरातीसारखं आहे, जेल नुसतं मांडवापुरतं. १९५७ चं, लिबर आणि स्टोलर या गाणी रचणाऱ्या जोडीचं. यांचंच 'रायट इन सेल ब्लॉक नंबर नाइन' वांडा जॅक्सन या रॉकाबिलीवालीनं गायलंय, पुरुष कैद्यांच्या दंग्याचं गाणं आणि ही बाई घसा खरवडून गातेय, ते एल्व्हिसपेक्षा भारी वाटतं मला. रागवा हवं तर.

बाबा म्हणतात किशोरकुमारचं योडेलिंग याच लोकांकडनं आलं. खरं?
– एक वाचिका, डोंबिवली

बाबा बरोबर आहेत. मोठा भाऊ अनूपकुमारकडं रेकॉर्डी होत्या, त्या ऐकून किशोर शिकला असं सांगितलं जातं. त्यातल्या जिमी रॉजर्सचं वर आलंच आहे, त्याचं १९२८ चं 'इन द जेलहाउस नाउ' बाबांना लावून द्या. जुगारी मित्र आत गेला म्हणून हसणारा शेवटी स्वतः आत, आणि मधेमधे अशी योडेल मारतो की बाबा किशोरचंच कुठलं तरी गाणं सुरू करतील.