नागपुरात नवीन आलोय. मुलांना शाळेच्या सहलीला पाठवावं का? आणि आपण स्वतः कुठे न्यावं?

तुम्ही लिहिलंय की बदलीमुळे जूनमध्ये नागपुरात आलात, मुलगी सहावीत, मुलगा दुसरीत, शाळेचं सहलीचं पत्रक घरी आलंय आणि पैसे भरावेत की नाही यावर घरात एकमत होत नाहीये. मुलं बसमध्ये गाणी म्हणतात, डबा खातात आणि काही न शिकता परत येतात, असं तुमच्या यजमानांचं म्हणणं. मी जन्माने नागपूरची, महालात वाढले, आता मानेवाड्याला राहते. माझी मुलगी सातवीत आणि मुलगा तिसरीत आहे. माझं उत्तर असं की मुलांना पाठवाच. आणि मग पंधरा-वीस दिवसांनी त्याच ठिकाणी तुम्ही त्यांना पुन्हा घेऊन जा. या वेळी मुलाने पुढे चालायचं आणि तुम्ही मागे.

हे मला सुचलं ते गेल्या जानेवारीत. मुलगा दुसरीत होता, शाळेची सहल रमण विज्ञान केंद्राला गेली होती. संध्याकाळी घरी आला तेव्हा विचारलं, "काय पाहिलं?" म्हणाला, "डायनोसोर." आणखी काय? "आणखी आलुबोंडा खाल्ला." बस. मला फार वाईट वाटलं. एवढा उत्साहाने गेलेला पोरगा, आदल्या रात्री डबा कोणता न्यायचा यावरून तीनदा उठलेला, आणि हाती एवढंच? पालक सभेत वर्गशिक्षिकेला मी हे बोलूनही दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, माझ्याकडे बेचाळीस मुलं होती. मी दिवसभर फक्त डोकी मोजली." ते मला पटलं. बेचाळीस मुलांमध्ये एका यंत्रासमोर एका मुलाच्या वाट्याला किती वेळ येणार? रांग पुढे सरकत राहते, मागचा ढकलतो, आणि खटका दाबायची पाळी येईपर्यंत शिट्टी वाजते.

मग फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आम्ही चौघं गेलो. फाटकातून आत शिरलो आणि त्याने माझा हात धरून ओढायला सुरुवात केली. पाण्याचा नळ कुठे आहे, त्याचा मित्र कुठे पडला, टीचरने कुठे उभं केलं होतं, सगळं त्याला पाठ होतं. घरी विचारल्यावर ज्याला दोन शब्द सापडले नव्हते, तो तिथे थांबायला तयार नव्हता. वाकड्या आरशांपुढे त्याने मला उभं केलं आणि सांगितलं, "आई, हा पोट पुढे काढलेला आरसा आहे नं, हा माणसाला बुटका करते." हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. रांगेत उभा असताना त्याने पाहून ठेवलं होतं, फक्त सांगायला कोणी मिळालं नव्हतं. घरी आल्यावर स्टीलचा डाव हातात घेतला. मागच्या बाजूने पाहिलं तर तोंड छोटं पण सरळ, पुढच्या बाजूने जरा लांब धरून पाहिलं तर चक्क उलटं. त्या रात्री आमच्याकडे वरण वाढायला डाव मिळाला नाही.

पुढचं सांगताना मला आजही भरून येतं. माझा मुलगा वर्गात बोलत नसे. उत्तर येत असलं तरी मान खाली. शाळेत परिपाठाला रोज एक मूल दिनविशेष सांगतं. त्या महिन्यात त्याने स्वतः टीचरकडे २८ फेब्रुवारी मागून घेतला. १९२८ साली त्या दिवशी सी. व्ही. रमण यांनी आपला शोध जाहीर केला, म्हणून तो राष्ट्रीय विज्ञान दिन. रमण सरकारी हिशेब खात्यात नोकरीला असताना काही काळ याच नागपुरात होते, ही गोष्ट त्याला सगळ्यात जास्त आवडली. "म्हणजे ते आपल्या सीताबर्डीतून चालले असतील?" असं त्याने मला निदान चार वेळा विचारलं. परिपाठात तो दीड मिनिट बोलला आणि शेवटी खिशातून डाव काढून दाखवला. प्रगतिपुस्तकात या गोष्टीला रकाना नाही, पण आमच्या घरात त्या दिवशी शिरा झाला.

तुमची मुलगी सहावीत आहे, तिच्यासाठी झीरो माईल सांगेन, म्हणजे जुन्या मोजणीच्या खुणेचं ते स्मारक. नागपूरचा माणूस तिथून रोज जातो आणि चार घोड्यांचे पुतळे सोडून काही पाहत नाही. मी स्वतः चाळीस वर्षं तेच केलं. तिथे दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक तो उंच खांब आणि घोडे. दुसरा शेजारचा ठेंगणा दगड, त्यावर १९०७ साल आणि समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे, १०२०.१७१ फूट. माझ्या मुलीने तो आकडा वहीत उतरवून घेतला आणि तिथेच पायरीवर बसून ०.३०४८ ने गुणला. उत्तर आलं सुमारे ३११ मीटर. धाकटा म्हणाला, म्हणजे समुद्र तेवढा वर आला तरच आपलं घर बुडेल? हो, आणि त्याआधी मुंबईचं काय होईल ते ताईने त्याला समजावलं. शाळेत गुणाकार, भूगोल आणि इतिहास हे वेगवेगळ्या तासांना येतात. इथे तिन्ही एका दगडापाशी आले.

त्या दगडावरची जीटीएस ही अक्षरं ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेची. हिंदुस्थानची त्रिकोणांनी मोजणी करायचं हे काम विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासहून सुरू केलं, आणि दक्षिणेकडून मोजत मोजत नागपूरकडे येताना १८२३ मध्ये ते हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे, आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात. सहावी-सातवीच्या मुलांना भूमितीतला त्रिकोण कंटाळवाणा वाटतो. त्याच त्रिकोणाने एक माणूस वीस वर्षं देश मोजत होता आणि इथपर्यंत पोचता पोचता गेला, हे ऐकल्यावर माझी मुलगी बराच वेळ गप्प होती.

एक व्यवहाराची गोष्ट. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा झीरो माईल आणि सिव्हिल लाइन्सच्या बाजूला मुलांना नेऊ नका. रस्ते बंद, मोर्चे, पोलीस. ते दोन-तीन आठवडे सोडून द्या.

नॅरो गेज, म्हणजे अरुंद रुळांच्या छोट्या लाइनच्या रेल्वे संग्रहालयाबद्दल मला थोडं जास्त लिहायचंय. कडबी चौकाजवळ मोतीबागेत ते आहे, २००२ साली सुरू झालं. पुष्कळ लोक तिथे छोट्या गाडीत बसवायला मुलांना नेतात आणि अर्ध्या तासात परत येतात. आम्ही दोन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना घेऊन गेलो. मुलं त्यांना आबाजी म्हणतात. आबाजी नोकरीची बरीच वर्षं इतवारी ते छिंदवाडा या छोट्या लाइनवर गार्ड होते. सावनेर, सौंसर, रामाकोना अशी ती गाडी सातपुडा चढत जायची. २०१५ मध्ये मोठ्या लाइनचं काम काढलं आणि ती बंद झाली. आबाजी घरी याबद्दल कधीच बोलत नसत. विचारलं तर "काय सांगायचं त्यात" म्हणून पेपर उघडायचे.

तिथे जुना हातकंदील पाहिला आणि ते थांबले. त्याची काच फिरवून लाल, हिरवा उजेड कसा करायचा ते नातीला हाताने दाखवायला लागले. मग घाटात रात्री पावसात गाडी उभी राहिली तर गार्डाने मागे चालत जाऊन काय करायचं, इंजिनातलं पाणी कुठे भरायचे, लोक शेळ्या घेऊन कसे चढायचे. सव्वा तास ते बोलत होते. दुसरी दोन कुटुंबं येऊन भोवती उभी राहिली. माझ्या पाचवीतल्या मुलीने वहीची सहा पानं भरली.

तिने तिथे ठेवलेल्या रुळांमधलं अंतर वितीने मोजलं. तिच्या पाच विती. अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मोठ्या लाइनचं अंतर साडेपाच फूट, १६७६ मिलिमीटर. खऱ्या स्टेशनवर रुळात उतरून मोजता येत नाही, म्हणून घरी हॉलमध्ये खडूने दोन्ही लाइनी आखल्या. मोठीला अकरा विती लागल्या. त्या रेघा दिवाळीच्या सफाईपर्यंत मी पुसू दिल्या नाहीत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिने पुठ्ठ्याचे दोन्ही रूळ मांडून वळणावर छोटी लाइन का बरी पडते ते सांगितलं, की अरुंद गाडी डोंगरातल्या तीव्र वळणावरून जाऊ शकते आणि त्यामुळे कमी खोदकामात, कमी खर्चात लाइन टाकता येते. बक्षीस मिळालं नाही. पण आबाजी पहिल्यांदा नातीच्या शाळेत आले, तिच्या टेबलामागे खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला कंदिलाचा रंग विचारत राहिले. तुमच्या घरी, शेजारी, कोणी गिरणीतून, पोस्टातून, रेल्वेतून निवृत्त झालेलं माणूस असेल तर त्यांना सोबत न्या. पाटीवर लिहिलेलं मुलं विसरतात, आबाजींनी सांगितलेलं माझी मुलगी विसरलेली नाही.

अजब बंगला, म्हणजे सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ सालचं आहे. तिथे एका दिवशी सगळं दाखवायला जाऊ नका. एकच दालन निवडा. दुसरीतल्या मुलाला पेंढा भरलेले प्राणी-पक्षी पुरेत, सहावीतल्या मुलीला शिलालेख किंवा हत्यारं. याच १८६३ साली सप्टेंबरात स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं, म्हणजे गोलाकार मांडलेले मोठे दगड, पाहून रात्री घोड्यावरून परतत होते आणि पूर आलेला नाला ओलांडताना बुडाले. नागपूरच्या आसपासचे दगड आणि त्यातले जीवाश्म यांचा अभ्यास करणारे ते सुरुवातीचे माणूस. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. ही गोष्ट सांगितल्यावर मुलं रस्त्यावरचे दगडसुद्धा उचलून पाहायला लागतात, हे माझ्या अनुभवाचं आहे. आमच्या बाल्कनीत आता एक डबा भरून दगड आहेत.

तशीच शिळावर्तुळं काटोल रोडवर जुनापाणीला आहेत, सुमारे तीनशे. लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी रचलेली. तिथे ना तिकीट खिडकी, ना खेळणी, ना चहाची टपरी. पाणी, टोपी आणि बूट घालून सकाळी लवकर जा. हे दिवस चांगले, नोव्हेंबर ते जानेवारी. मार्चनंतर नागपूरच्या उन्हात लेकरांना माळावर नेऊ नका. दगडांवर चढू द्यायचं नाही, हलवू द्यायचं नाही, एवढं मात्र आधीच बजावा.

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि वर्षात तीनच दिवस उघडतो, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला. म्हणजे तुमची पहिली संधी २६ जानेवारी. शाळेतलं झेंडावंदन झालं की गणवेशातच घेऊन जा, आम्ही दर वर्षी तेच करतो. १८१७ च्या नोव्हेंबरात भोसल्यांची फौज आणि इंग्रज याच टेकडीवर लढले. वरून शहर पाहिलं की टेकडी हातात असण्याचं महत्त्व मुलांना न सांगता कळतं.

यंदाचा तान्हा पोळा तुमचा बहुतेक हुकला असेल. पुढच्या वर्षी दोन्ही मुलांसाठी लाकडी नंदी आधीच घेऊन ठेवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं आपापला नंदी सजवून निघतात आणि घरोघरी त्यांना बोजारा, म्हणजे पैसे किंवा खाऊ, मिळतो. त्याच दिवशी सकाळी मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक असते, पण गर्दी फार, लहानग्याला खांद्यावर घ्यावं लागेल. नवीन गावात मुलांची ओळख व्हायला याच्याइतका चांगला दिवस मला माहीत नाही. तुमच्या मुलाला वर्गात अजून मित्र नाहीत असं तुम्ही शेवटी लिहिलंय, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आणि सहलीला पाठवायचं खरं कारणही तेच. बसमध्ये शेजारी कोण बसलं, कोणी आपल्या डब्यातली सांबारवडी दिली, हे दुसरीतल्या मुलाचं मोठं काम असतं. तेवढं झालं तरी पत्रकावरची रक्कम वसूल. डब्यात चार घास जास्त द्या, वाटायला. बाकीचं पाहणं तुमच्यासोबतच्या रविवारी होईल. पत्रकावरची शेवटची तारीख जवळ आली असेल तर उद्याच पैसे भरून टाका, नागपुरात बसच्या जागा फार लवकर भरतात.