गटात नव्याने आलेल्या सहकाऱ्यास
अमेरिकेतील कार्यालयांत कृष्णवर्णीयांच्या वाट्याला येणारा अपमान पुष्कळदा उघड नसतो. बैठकीत तुम्ही मांडलेली कल्पना थोड्याच वेळात दुसऱ्याच्या नावावर जमा होते, किंवा तुमच्या वेण्या कार्यालयाला शोभत नाहीत असे हसत हसत सुनावले जाते. अशा वेळी तारीख, नेमके शब्द आणि उपस्थितांची नावे त्याच दिवशी स्वतःच्या वहीत लिहावीत, कार्यालयाच्या संगणकावर नव्हे, कारण नोकरीबरोबर तोही हातचा जातो. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत १८० दिवसांची, आणि जेथे राज्याची वा स्थानिक यंत्रणा तसाच कायदा राबवते तेथे ३०० दिवसांची असते. मनुष्यबळ विभागात अर्ज पडून आहे म्हणून ती थांबत नाही, हे अनेकांना फार उशिरा कळते.

वहीने मन मात्र हलके होत नाही. त्यासाठी आपल्या माणसांत बसावे लागते, आणि माझ्या मते ते कंपनीबाहेरच बरे, कारण कंपनीच्या गटातले बोलणे वरपर्यंत जाणार नाही याची हमी कोण देणार? १९७० पासूनची नॅशनल ब्लॅक एमबीए असोसिएशन, किंवा तुम्ही अभियंते असाल तर १९७५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात उभी राहिलेली कृष्णवर्णीय अभियंत्यांची संघटना, येथून सुरुवात करावी. पहिल्या बैठकीला नुसते ऐकत बसलात तरी कोणी वावगे मानणार नाही.