इतिहासमालिका : आधी चित्रफितीची चौकशी, मग निवेदन

जगाचा इतिहास बावन्न भागांत मांडण्याची आपली योजना वाचली. निवेदन आधी लिहून घ्यावे की चित्रफिती आधी जमवाव्यात, असे आपण विचारले आहे. चित्रफीत कोणी, कुठे, केव्हा आणि कोणासाठी घेतली हे कळेपर्यंत त्या प्रसंगाच्या निवेदनाला हात घालू नये, असे माझे ठाम मत आहे. निवेदन आधी पक्के झाले, की संकलक त्या वाक्यांना शोभणारी दृश्ये शोधू लागतो आणि मग दुसऱ्याच आघाडीवरचे रणगाडे आपल्या लढाईत येतात.

१९६४ साली बीबीसीने पहिल्या महायुद्धावर ‘द ग्रेट वॉर’ ही २६ भागांची भव्य मालिका केली. तिच्यात पुनर्रचित दृश्ये खऱ्या दृश्यांत मिसळली गेली, आणि सहनिर्माते असलेल्या इम्पीरियल वॉर म्युझियमचे संचालक नोबल फ्रँकलंड यांनी त्यावर तीव्र आक्षेप घेतला. हा आक्षेप किती रास्त होता हे १९१६ च्या ‘बॅटल ऑफ द सोम’ या पहिल्या महायुद्धातील लढाईच्या माहितीपटावरून कळते : त्यातील सैनिक खंदकातून वर चढून धावतात ते गाजलेले दृश्य आघाडीच्या मागे मुद्दाम घडवून घेतलेले आहे, आणि तरीही आजवर कितीतरी ठिकाणी ते खऱ्या हल्ल्याचे म्हणून दाखवले गेले आहे.

हेच फ्रँकलंड पुढे थेम्स टेलिव्हिजनच्या ‘द वर्ल्ड ॲट वॉर’ या दुसऱ्या महायुद्धावरील मालिकेचे सल्लागार झाले. निर्माते जेरेमी आयझॅक्स यांनी १९७१ मध्ये काम हाती घेतले. प्रक्षेपण ऑक्टोबर १९७३ मध्ये सुरू झाले. आयझॅक्स यांनी फ्रँकलंड यांच्याकडे वगळताच येणार नाहीत अशा पंधरा मोहिमांची यादी मागितली, प्रत्येकीला एक भाग दिला आणि उरलेले अकरा भाग युद्धकाळातील जनजीवन, वंशसंहार अशा विषयांसाठी राखले. केवळ सहा वर्षांच्या युद्धाला २६ भाग लागले, हे ध्यानात घेऊन आपण आपल्या आराखड्याचा फेरविचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एक शतक, किंवा एकच साम्राज्य, बावन्न भागांना पुरून उरेल.

त्या मालिकेत हिटलरची सचिव ट्राउडल युंगे आणि मंत्री आल्बर्ट श्पेअर बोलतात, तशीच सामान्य माणसेही बोलतात. साक्षीदार वृद्ध असतील, तर निधीची सगळी तजवीज होण्याची वाट न पाहता त्यांच्या मुलाखती आधी घ्याव्यात. कागद थांबतात, माणसे थांबत नाहीत. मुलाखतीची पूर्ण, न कापलेली प्रत जपून ठेवावी, कारण पडद्यावर तिचा अगदी थोडा अंश येतो.

१८९५ च्या आधीच्या काळासाठी चित्रफितींचा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. तिथे प्रत्यक्ष स्थळे, वस्तू, नकाशे आणि हस्तलिखिते यांवर भिस्त ठेवावी, आणि नट घेऊन प्रसंग उभे केलेच, तर ते पुनर्निर्मित असल्याची पाटी त्याच दृश्यावर द्यावी. शेवटच्या श्रेयनामावलीत दिलेली सूचना फारसे कोणी वाचत नाही.

ध्वनीबाबतही हाच नियम पाळावा. दोन्ही महायुद्धांतील रणभूमीवरची बहुतांश चित्रफीत मूक आहे. तोफांचे आणि विमानांचे आवाज नंतर जोडलेले असतात. ते जोडण्यास माझा विरोध नाही, पण दृश्यात ज्या बनावटीचे विमान दिसते त्याच बनावटीच्या इंजिनाचा आवाज असावा, आणि मृतदेहांच्या दृश्यांवर कोणताही आवाज चढवू नये.