स्तनाच्या कर्करोगात पूर्ण स्तन काढावाच लागतो का?

नाही, दर वेळी नाही. गाठ लहान असेल तर ती आणि तिच्या कडेचा थोडा भाग काढून नंतर रेडिएशन देतात. सुरुवातीच्या टप्प्यात त्याने आयुर्मान कमी होत नाही, हे 20 वर्षांच्या पाठपुराव्यातून दिसलंय.

पण ऑपरेशनचं ठरवण्याआधी बायोप्सीचा रिपोर्ट नीट बघाच. त्यात ईआर, पीआर (गाठीच्या पेशींवर इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे रिसेप्टर आहेत का) आणि हर-टू (पेशींची वाढ करणारं एक प्रथिन जास्त आहे का) अशा तीन नोंदी असतात आणि पुढचं बरंचसं त्यांवरच ठरतं. ईआर पॉझिटिव्ह असेल तर टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी गोळी, रोज एक, 5 ते 10 वर्षं. हर-टू पॉझिटिव्हला ट्रास्टुझुमॅब, म्हणजे त्या प्रथिनावर नेमकं काम करणारं औषध. तिन्ही निगेटिव्ह असतील तर मुख्य भर केमोवर, तीही बरेचदा ऑपरेशनच्या आधी.

वय कमी असेल आणि पुढे मूल हवं असेल, तर केमो सुरू होण्याआधीच स्त्रीबीज गोठवण्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा.