अमेरिकन कवी विल्यम कार्लोस विल्यम्सची 'द रेड व्हीलबॅरो' म्हणजे एक साधं वाक्य आहे: पावसाच्या पाण्याने चकाकणाऱ्या, पांढऱ्या कोंबड्यांशेजारच्या लाल हातगाडीवर खूप काही अवलंबून आहे. मग तिला कविता का म्हणायचं?

कारण त्या वाक्याचा सगळा जीव ओळी जिथे तोडल्या आहेत तिथे आहे. शब्द फक्त १६, कडवी ४. प्रत्येकात आधी तीन शब्द, खाली एकच. 'व्हील' एका ओळीत, 'बॅरो' पुढच्या: आधी नुसतं चाक दिसतं, मग गाडी. तसंच 'रेन' आणि 'वॉटर'चं. नजर थांबत थांबत पाहू लागते. सलग लिहून बघा, काहीच उरत नाही! मात्र लाल गाडी कशाचं प्रतीक, हे ठामपणे सांगणाऱ्या समीक्षेवर मी विसंबणार नाही. १९२३च्या 'स्प्रिंग अँड ऑल' या पुस्तकात तर कवितेला शीर्षकही नव्हतं, नुसता २२ हा क्रमांक होता. आणि वाचा इंग्रजीतूनच. इंग्रजीत कविता 'सो मच डिपेंड्स' (खूप काही अवलंबून आहे) अशी सुरू होते; मराठीत 'अवलंबून आहे' वाक्याच्या शेवटी जातं आणि पहिल्याच ओळीत लागणारी ओढ हरवते.