640 रेकॉर्ड्ससाठी एफडी मोडावी का?

प्रश्न : सदाशिव पेठेतला ओळखीचा एक वाडा पाडायचा आहे. तिथल्या आजोबांच्या 640 ग्रामोफोन रेकॉर्ड्स घरचे विकत आहेत. 410 लाखेच्या (शेलॅकच्या) 78 गतीच्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, 190 एलपी (मोठ्या, जास्त वेळ वाजणाऱ्या), 40 ईपी (लहान, थोड्याच गाण्यांच्या). सगळ्या एकत्र 3,20,000 रुपयांना. माझी 4 लाखांची एफडी आहे. ती मोडून घेतल्या तर दहा वर्षांनी मुलीच्या शिक्षणाच्या वेळी विकता येतील का? दरमहा घरखर्च 55,000, घराचा हप्ता 31,000. (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : एफडी मोडू नका, ताई. या रेकॉर्ड्स भंगारात जाऊ नयेत ही तुमची तळमळ मला पटते, आणि त्यातल्या काही तुमच्या घरी याव्यात असंच मला वाटतं. पण या पैशातून नाही.

खर्च आणि हप्ता मिळून महिन्याला 86,000 होतात. अडचणीसाठी सहा महिन्यांच्या खर्चाची तजवीज म्हणजे 5,16,000. तुमची एफडी आताच त्यापेक्षा कमी आहे. उद्या नोकरीत खंड पडला किंवा दवाखाना निघाला, तर एफडी एका दिवसात मोडता येते. 410 लाखेच्या रेकॉर्ड्सना गिऱ्हाईक मिळायला महिने लागतात, आणि घाईत विकणाऱ्याला भाव मिळत नाही.

आता दहा वर्षांचं गणित. 7 टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने 3,20,000 चे दहा वर्षांत साधारण 6,40,000 होतात. व्याजावरचा कर गेला की थोडे कमी. म्हणजे नुसती बरोबरी करायलाही प्रत्येक रेकॉर्डमागे तुमच्या हातात हजार रुपये पडायला हवेत, आणि 640 च्या 640 विकल्या जायला हव्यात. व्यापारी एकगठ्ठा घेताना बाजारभावाच्या निम्मे देईल असं मी धरतो. मग बाजारभाव नगाला दोन हजार हवा, म्हणजे आजच्या नगामागे पाचशेच्या (3,20,000 भागिले 640) चौपट. मुलीची फी यावर अवलंबून ठेवू नये.

शिवाय पाचशे ही सरासरी फसवी आहे. एकाच खोक्यात तीन वेगळे काळ आहेत. आपल्याकडचं व्यापारी ध्वनिमुद्रण 1902 मध्ये कलकत्त्यात सुरू झालं. 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत गाणारा कर्ण्यासमोर गायचा, मायक्रोफोन नव्हता. त्या काळातल्या धड राहिलेल्या रेकॉर्ड्स थोड्या, म्हणून त्यांना मागणी. पुढच्या काळातली बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांची नाट्यपदं मराठी संग्राहक शोधत असतात, पण तीही अवस्था बघून. सत्तरच्या दशकातल्या गाजलेल्या चित्रपटांच्या एलपी मात्र भरपूर निघाल्या. त्या आजही बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात दिसतात.

म्हणून आधी तपासणी. ढिगातून 30 नग कसेही उचला, वरचे-वरचे नकोत. लाखेची रेकॉर्ड मधल्या भोकात बोट घालून धरा आणि कडेवर नखाने हलकेच टिचकी मारा. स्वच्छ टणत्कार आला तर ठीक. बद्द किंवा फाटका आवाज आला तर बारीक चीर आहे, मग ती दिसो न दिसो. ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. खाचा काळ्याभोर चमकत असतील तर बरं. राखाडी झाल्या असतील तर बोथट लोखंडी सुईने खाल्ल्या आहेत, आणि ते कुठल्याही साफसफाईने परत येत नाही. एलपी काचेवर ठेवून वाकलेली नाही ना ते बघा, आत तीच रेकॉर्ड आहे ना तेही. कव्हरवरच्या नंबरात ईएएलपी (EALP) अक्षरं असतील तर मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा आवाज, ईएएसडी (EASD) असतील तर स्टिरिओ, म्हणजे दोन वाहिन्यांचा.

वरखर्चही धरा. एलपीची सुई 78 च्या रुंद खाचेत तळाशी घासते, म्हणून 78 गती असलेला प्लेअर आणि जाड टोकाची वेगळी सुई लागते. सगळं मिळून 25,000 ते 40,000 बाजूला काढा. वजन सव्वाशे किलोच्या पुढे जाईल. भुशाच्या बोर्डाची फळी वाकेल. 18 मिलिमीटर प्लायवूड आणि दर फुटाला उभी पट्टी हवी. रेकॉर्ड्स उभ्याच ठेवा. आडवा ढीग केला की वरच्यांच्या भाराने खालच्या तडकतात. पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला कपाट लावू नका, बुरशी धरते. आणि लाखेच्या रेकॉर्ड्स स्पिरिटने कधीही पुसू नका, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. डिस्टिल्ड पाणी, थेंबभर सौम्य साबण, मधलं लेबल कोरडं.

माझा सल्ला असा. एक काळ निवडा, समजा 78 वरची नाट्यपदं, आणि त्यातल्या 60-80 उचला. 40,000 ची मर्यादा घाला. अर्धे आता बोनसमधून, अर्धे दरमहा 5,000 बाजूला टाकून चार महिन्यांत. घरचे फोडून द्यायला तयार नसतील, तर सगळ्या 640 ची यादी करून द्यायची तयारी दाखवा: लेबल, नंबर, गायक, अवस्था. यादी असली की त्यांना उरलेल्यांचं गिऱ्हाईक शोधणं सोपं जातं, आणि तुम्हाला आधी निवडू देण्याचं त्यांना कारण मिळतं.

घरी ऐकायला ठेवलेल्या अशा वस्तूंवर सहसा भांडवली नफ्याचा कर लागत नाही. पण घेऊन विकण्याचा नेम केला तर तो व्यवसाय ठरतो, तेव्हा सीएला विचारा. पैसे यूपीआयने किंवा चेकने द्या, नगांचे नंबर लिहिलेल्या कागदावर सही घ्या. वाडा पाडायची तारीखही विचारून घ्या. रेकॉर्ड्स त्याच्या आठवडाभर आधी तुमच्या घरी आलेल्या असाव्यात.